खोदण्याआधी जमिनीला विचारा

दसऱ्याच्या सुट्टीत चार दिवस मी कोरमंगलाला मामांकडे होतो. शेजारच्या प्लॉटवर घराच्या पायासाठी लांबलचक चर खोदला होता. धाकट्या मामेभावाने मारलेला चेंडू नेमका त्यात गेला. तो उतरायला निघाला तसे मी त्याला मागे ओढले आणि म्हणालो, "तू थांब. मी कॅडेट आहे, मी जातो."

चर माझ्या डोक्याच्या वर हातभर खोल होता. त्याच्या भिंती तांबड्या आणि तासल्यासारख्या सरळ होत्या. एका ठिकाणी मातीतून विटेचा तुकडा आणि प्लॅस्टिकची पिशवी डोकावत होती. मी ती पाहिली, पण तिचा अर्थ मला कळला नाही. चेंडू उचलतो तोच वरून कोणीतरी कानडीत ओरडले, मग हिंदीत. मी भावाला मराठीत काहीतरी म्हणालो, ते ऐकून तो माणूस मराठीत ओरडला, "ए पोरा, भाईर ये आदी! चेंडू गेला खड्ड्यात!" दचकून चेंडू माझ्या हातातून सुटला. त्यांनी मनगट धरून मला वर ओढले आणि चांगलेच झापले. परक्याच्या प्लॉटवर शिरलो म्हणून ते रागावले, असे मला वाटले.

त्या रात्री पाऊस झाला. सकाळी गच्चीवरून पाहिले, तर मी उभा होतो तिथली भिंत नव्हती. तीन-साडेतीन मीटर लांबीचा तुकडा आत कोसळला होता आणि चराचा तळ दिसत नव्हता. सुदैवाने आत कोणी नव्हते. ही गोष्ट मी आई-बाबांना अजून सांगितलेली नाही. ते आपला अंक वाचतात, म्हणून इथेच सांगून टाकतो.

उरलेले दोन दिवस मी त्या मुकादमकाकांच्या मागे मागे होतो. ते बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातले. त्यांनी जे शिकवले आणि नंतर मी शाळेत येऊन जे वाचले, ते या लेखात मांडतो.

माती किती जड असते?

आधी साधा हिशेब करू. कोसळलेला तुकडा ३ मीटर लांब, २ मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड धरला, तर तो ३ घनमीटर होतो. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड ते दोन टन असते. म्हणजे त्या चरात कमीत कमी साडेचार टन माती पडली. माणूस छातीपर्यंत जरी गाडला गेला, तरी प्रत्येक उच्छ्वासाबरोबर माती आणखी घट्ट बसते आणि पुढचा श्वास घेता येत नाही. डोके बाहेर असले तरी जीव जाऊ शकतो.

मग आदल्या दिवशी ती भिंत उभी कशी होती? कोकणात समुद्रकिनारी वाळूचा किल्ला केला असेल, तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ओलसर वाळूत कणांमधले थोडेसे पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते, म्हणून किल्ला उभा राहतो. लाट आली की पाणी जास्त होते, ती ओढ संपते आणि किल्ला बसतो. ओलसर तांबड्या मातीचेही तसेच आहे. पावसाने ती बांधणी सैल होते आणि मातीचे वजनही वाढते. काका म्हणाले, "भिंत काल उभी होती म्हणून आज उभी राहील, असं जमीन कुणाला लिहून देत नाही."

एका शहरात किती जमिनी?

बंगळूरची जमीन समजून घ्यायची, तर लालबागेतल्या खडकापासून सुरुवात करावी. तो द्वीपकल्पीय नाइस या जातीचा खडक आहे आणि त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटले आहे. बसवनगुडीतही असाच खडक उघडा दिसतो. हा खडक शहरभर खाली आहेच, पण त्याची खोली जागोजागी बदलते. लाखो वर्षांच्या पावसा-उन्हाने तो वरून झिजत गेला. त्यामुळे सर्वांत वर तांबडी माती, तिच्याखाली मुरमासारखा कुजका खडक आणि त्याखाली पक्का कातळ असे थर सापडतात. मधल्या थरात न झिजलेले मोठमोठे धोंडे तसेच राहून गेलेले असतात.

याचा त्रास मेट्रोचे बोगदे खणताना झाला. यंत्राच्या तोंडासमोर एकाच वेळी अर्धा कातळ आणि अर्धी मऊ माती आली, तर कातण्याची पाती एका बाजूला घासली जातात आणि दुसऱ्या बाजूची माती ढासळते. चिकपेटकडून मॅजेस्टिककडे निघालेले 'गोदावरी' नावाचे बोगदायंत्र २०१५ मध्ये पुढचे कातण्याचे चक्र खराब झाल्याने कित्येक महिने थांबले होते. आपल्याकडे नाशिकला उगम पावणाऱ्या नदीचे नाव घेतलेले यंत्र बंगळूरच्या पोटात अडकून बसले!

दुसरी जमीन तलावांची. जुन्या बंगळूरमध्ये चढ-उतार पाहून एकाखाली एक तलाव बांधले होते. त्यातले कित्येक पुढे बुजवले गेले. मॅजेस्टिकचा बसस्टँड धर्मांबुधी तलावाच्या जागेवर आहे आणि कंठीरव स्टेडियम संपंगी तलावाच्या. अशा जागी तळाला करडा, चिकट गाळ असतो आणि त्यावर बाहेरून आणून टाकलेला भराव. थोडे खणले की पाणी लागते.

मामांच्या शेजारचा प्लॉट उतारावर होता. वरच्या टोकाला पक्का मुरूम होता. वीस-पंचवीस पावले खाली गेले की खाली करडा गाळ आणि वर तांबड्या मातीचा भराव. रंग तोच, पण जमीन वेगळी. ती प्लॅस्टिकची पिशवी हेच सांगत होती. लाखो वर्षांच्या मातीत प्लॅस्टिक कुठून येणार? काका दोन दिवस आधाराच्या फळ्या मागत होते, पण मालक म्हणाले होते, "माती घट्ट आहे, काय गरज?" भिंत पडल्यावर दुपारपर्यंत फळ्या आल्या.

तीन बाटल्यांचा प्रयोग

हा प्रयोग कोणीही करू शकतो. मी तीन बाटल्यांत तीन माती घेतल्या: शाळेच्या मैदानातली तांबडी, त्या प्लॉटच्या तळाची करडी आणि बाबांनी आमच्या औशाच्या शेतातून आणलेली काळी. प्रत्येक बाटलीत पाणी भरून जोरात हलवले आणि ठेवून दिले. तांबडीतली वाळू एका मिनिटात तळाला बसली. करडी आणि काळी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच होत्या. वाळूचे जाड कण लगेच बसतात, पोयट्याचे काही तासांत बसतात आणि चिकणमातीचे बारीक कण दिवसभर तरंगत राहतात. मग उरलेल्या मातीच्या ओल्या वड्या करून वाळवल्या. काळीला सर्वांत रुंद भेगा पडल्या. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून मराठवाड्यात पाया खणताना जुने गवंडी "मुरूम लागेपर्यंत थांबायचं नाही" असे म्हणतात. बंगळूरच्या तांबड्या मातीला ही खोड फारशी नाही, पण तिची परीक्षा वेगळी आहे.

अभियंते याच कामासाठी जमिनीत भोक पाडून एसपीटी चाचणी करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे. चार-पाच ठोक्यांत गेली तर जमीन मऊ. पन्नास ठोक्यांतही गेली नाही तर फार घट्ट किंवा खडक. उताराच्या प्लॉटवर एकच भोक पाडून भागत नाही. वर एक आणि खाली एक तरी हवेच.

कामाचा क्रम

१. गवत, मुळे आणि वरची कुजकट माती आधी काढून टाकावी. मुळे कुजली की पोकळी राहते.
२. जमिनीखालून पाण्याचे नळ, विजेच्या केबल किंवा गटार जाते का, याची चौकशी करावी.
३. चुन्याची फक्की टाकून रेषा आखावी आणि वरून येणारे पावसाचे पाणी बाजूने वळवावे. हे काम खोदण्याच्या आधीचे, नंतरचे नाही.
४. खोदताना वरून खाली यावे. भिंतीच्या पोटात कधीही पोखरू नये.
५. चर १.२ मीटरहून खोल असेल, तर दर ३० मीटरला एक शिडी हवी.
६. दीड मीटरच्या पुढे भिंतींना पायऱ्या किंवा उतार द्यावा, नाहीतर फळ्यांचा आधार लावावा.
७. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर टाकावी. यातले जे जास्त असेल ते. काठावरचा ढीग भिंतीला आत ढकलतो.
८. भराव करायचा तर १५ ते २० सेंटिमीटरचे थर घालून, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसने ठोकावा. सगळी माती एकदम ओतली तर ती पुढची कित्येक वर्षे बसत राहते.

हे आकडे आपल्या देशातल्या बांधकाम सुरक्षेच्या नियमांत आहेत. मी त्या चरात उतरलो तेव्हा शिडी नव्हती, फळ्या नव्हत्या आणि मातीचा ढीग अगदी काठाला होता. तीनही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. मला फक्त चेंडू दिसला.

आपल्यासाठी

आपल्याच शहरात मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. 'सॅपर' हा शब्दच खोदकामातून आला आहे: किल्ल्याच्या तटापर्यंत चर खणत जाणारा सैनिक. उद्या आपल्यापैकी कोणी इंजिनियर्समध्ये अधिकारी होईल. कोणी घर बांधेल, कोणी इतरांची घरे बांधून देईल. तेव्हा चरात उतरणारा माणूस बहुधा दुसराच असेल. मी चेंडूसाठी उतरलो होतो, ते माझ्या मनावर होते. मुकादमकाकांची माणसे रोज सकाळी उतरतात, कारण त्यांना उतरायला सांगितलेले असते.

त्या दिवशी "मी कॅडेट आहे" असे म्हणून मी पुढे झालो, त्याचा मला अभिमान वाटला होता. आता वाटते, कॅडेटने आधी काठावर थांबून चार गोष्टी पाहायला हव्या होत्या: भिंतीत भरावाची खूण आहे का, काठावर ढीग आहे का, शिडी आहे का, आणि पाऊस येणार आहे का. एवढे पाहायला एक मिनिट लागते. माझ्या बाबतीत ते मिनिट मुकादमकाकांनी वाचवले. पुढच्या वेळी ते आपण आपल्या माणसांसाठी द्यायचे आहे.