लहान करवत-शेड : कामाची उंची आणि मांडणी

ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात पडवीत किंवा घरालगतच्या शेडमध्ये विजेवर चालणारी गोल करवत बसवून सुतारकाम करणारी कुटुंबे आढळतात. करवत घेताना मोटर किती अश्वशक्तीची, पाते कोणते, याची कसून चौकशी होते. मेज जमिनीपासून किती उंच असावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक कंबर व बोटे या दोहोंची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.

पूर्वी मोठे ओंडके खड्ड्यावर अथवा उंच घोडीवर चढवून दोघे जण करवत ओढीत. एक वर उभा, दुसरा खाली. आणि सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यांत. यंत्र आले आणि त्या खालच्या माणसाची सुटका झाली. परंतु यंत्राची बैठक जशी मिळाली तशीच जमिनीवर टेकविली, तर कारागीर वाकलेलाच राहतो. मेज फार खाली असेल तर शरीर पात्यावर झुकते. फार वर असेल तर खांदे उचलले जातात, हात लवकर थकतात आणि थकलेला हात घसरतो.

उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. कारागिराने कामावरची पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, दंड अंगालगत ठेवून कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. हलक्या हातकामासाठी मेज कोपराच्या 10 ते 15 सें.मी. खाली, जोराच्या कामासाठी 15 ते 40 सें.मी. खाली असावे, असा श्रमविज्ञानाचा सर्वमान्य संकेत आहे. कोपर 102 सें.मी. उंचीवर असल्यास फळ्या चिरण्याचे मेज 82 ते 87 सें.मी. ठेवणे सोयीचे ठरेल. दोघे कारागीर कमीअधिक उंचीचे असतील तर मेज उंच माणसाच्या मापाचे करावे आणि ठेंगण्यासाठी पायाखाली रुंद, न हलणारा लाकडी पाट द्यावा. कापलेली फळी पलीकडे खाली झुकू नये म्हणून तिकडेही तेवढ्याच उंचीचा आधार हवा.

खरी अडचण पुढे येते. मेज उंच केले की जड लाकूडही तितकेच वर न्यावे लागते. 30 सें.मी. व्यासाचा व 2 मीटर लांबीचा वाळलेला सागवानी ओंडका सुमारे 90 किलोचा भरतो. तो 40 सें.मी. उचलण्यापेक्षा 2 मीटर लांबीच्या उतारावरून लोटत नेल्यास, घर्षण सोडले तर, वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकाच, म्हणजे सुमारे 18 किलोचा जोर लागतो. त्याहून बरे म्हणजे लाकडाचा साठाच मेजाच्या पातळीवर, ओट्यावर रचावा. ट्रकमधून उतरलेला माल एकदा जमिनीवर टाकून पुन्हा उचलणे हा निव्वळ वाया जाणारा श्रम आहे.

मात्र ओंडके यंत्राने चिरावयाचे असल्यास वन विभागाचा परवाना लागतो. काम ‘घरगुती’ आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे 12 डिसेंबर 1996 व ऑक्टोबर 2002 मधील आदेश आणि केंद्र शासनाची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत कडक आहेत. परवानाधारक गिरणीतून चिरलेले लाकूड आणून त्यावर काम करणे लहान शेडला अधिक सोयीचे. तरीही करवतीच्या आकाराचे बंधन वन कार्यालयात विचारून घ्यावे. शहर हद्दीत स्वतःच्या अंगणातला फणस तोडावयाचा असला तरी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी विचारणा करणाऱ्यांना ही माहिती यंत्र खरेदीपूर्वीच द्यावी.

उंचीचा आणखी एक उपयोग या भागाला परिचित आहे. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास व वालधुनीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. शेजाऱ्यांकडून त्या पुराची खूण विचारून घ्यावी आणि मोटर, स्टार्टर व वायरिंग तिच्या वर बसवावे. बंद करण्याचे बटण मात्र फळीवरचा एक हात न काढता गाठता आले पाहिजे. पात्यावर झाकण आणि कापलेली फट मिटू नये म्हणून पात्यामागे उभी पट्टी, या दोन्ही वस्तू काम अडते म्हणून काढून ठेवलेल्या दिसतात. त्या जागेवरच असाव्यात.

यंत्राखाली सुट्या विटा रचू नयेत. सुरुवातीस भक्कम लाकडी ठोकळे घालून, पाणसळ लावून, बोल्टने आवळून आठ दिवस काम करून पाहावे. संध्याकाळी कंबर दुखत असल्यास मेज दोन-तीन सें.मी. वर घ्यावे, खांदे भरून येत असल्यास खाली. आणि माप जुळल्यावरच काँक्रीटचा चौथरा ओतावा.