माजाचे इंजेक्शन वाया का जाते?

चाकूर व परिसरात कोरडवाहू शेतीला जोड म्हणून देवणी, लाल कंधारी व संकरित गाई तसेच म्हशी पाळल्या जातात. व्याल्यानंतर चार महिने झाले तरी जनावर माजावर येत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. मग इंजेक्शन दिले जाते, पण पुष्कळदा तेही लागू पडत नाही. दर 21 दिवसांनी एक संधी हुकते आणि भाकड जनावराचा खर्च अंगावर पडतो. असे का होते, हे समजून घेतले पाहिजे.

बीजकोशात काय घडते?

गाईच्या बीजकोशात प्रत्येक बीजाभोवती पेशींचे आवरण असते. त्यात पाणी भरून लहान फोडासारखे पुटक तयार होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. पहिले पुटक वाढवते, तर दुसरे ते पक्व करून बीज सोडवते. मात्र संप्रेरक नुसते रक्तात असून भागत नाही. ते धरून ठेवणारे ‘ग्राही’ पुटकाच्या पेशींवर असावे लागतात. पुटक 7 ते 10 मिलिमीटर, म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याएवढे झाले की त्याच्या आतल्या थरावर दुसऱ्या संप्रेरकाचे ग्राही तयार होतात. त्यानंतरच ते बीज सोडू शकते.

पेशी प्रतिसाद का देत नाहीत?

आहार अपुरा पडला की रक्तातील इन्सुलिन व त्यासारखा एक वाढघटक कमी होतो. त्यांच्याअभावी पेशींचा प्रतिसाद मंदावतो. मेंदूकडून येणारे दुसरे संप्रेरकही कमी वेळा सुटते. पुटक अर्धवट वाढूनच जिरते. अशा जनावराला इंजेक्शन देणे म्हणजे ओल नसलेल्या रानात युरिया टाकणे होय. कडक उन्हाचा ताणही पुटकाला मारक ठरतो, म्हशींना विशेष.

सूक्ष्म पुटक पक्व होण्यास दोन ते तीन महिने लागतात. म्हणून वैशाखातील उपासमार श्रावणात दिसते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळी वर्षी हिरवा चारा संपतो. नुसत्या कडब्यात प्रथिने जेमतेम 3 ते 5 टक्के असतात. पाऊस पडून चारा आला, तरी माज लगेच येत नाही.

काय करावे?

1. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत रोज 1 ते 1.5 किलो जादा खुराक द्यावा. पुढच्या माजाचे पुटक याच सुमारास वाढीला लागते.
2. व्याल्यानंतर शरीर पोषणासाठी 1 ते 1.5 किलो आणि गाईच्या दर 2.5 लिटर दुधामागे 1 किलो खुराक द्यावा. म्हशीला दर 2 लिटरमागे 1 किलो द्यावा.
3. रोज 50 ग्रॅम क्षारमिश्रण द्यावे.
4. विहिरीला थोडे पाणी असल्यास गुंठा-दोन गुंठे लसूण घास करावा. कडब्याची कुट्टी करूनच घालावी.
5. उन्हाळ्यात सावली व पाणी भरपूर द्यावे, म्हशींवर दुपारी पाणी मारावे.
6. सकाळ-संध्याकाळ माज पाहावा. मुका माज पुष्कळदा नजरेतून सुटतो.
7. व्याल्यानंतर 90 दिवसांत माज न दिसल्यास पशुवैद्यकाकडून बीजकोशाची तपासणी करून घ्यावी. पुटकाची अवस्था पाहूनच ते उपचार ठरवतात. तपासणीशिवाय पुन्हा पुन्हा इंजेक्शन देऊ नये.

इंजेक्शन उपयोगी आहे, परंतु ते खुराकाची जागा घेऊ शकत नाही. बरगड्या दिसणाऱ्या जनावराला आधी दाणावैरण द्यावी, मग औषध.