परक्या गावातील मनाचे दुखणे

महाडच्या औद्योगिक वसाहतीत परराज्यांतील कितीतरी कामगार राबतात. पोलादपूरच्या खोऱ्यांतील कितीतरी घरे मुंबईच्या पगारावर चालतात. आपले कातकरी बांधव दरवर्षी वीटभट्ट्यांवर जातात. गाव सोडणे आपल्याला नवे नाही. तरीही आपल्याकडे आलेल्या माणसाच्या मनाचे दुखणे आपल्या ध्यानात का येत नाही?

कारण तो ‘मी उदास आहे’ असे म्हणतच नाही. डोके जड आहे, छातीत धडधडते, झोप येत नाही, एवढेच सांगतो. आपण ‘जिवाला घोर लागला’ म्हणतो, तो ‘जी घबराता है’ म्हणतो. दुखणे एकच, बोली वेगळी.

३ नोव्हेंबर २०२३ रोजी येथील रसायन कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. अशा वेळी सोबती गमावलेल्या परप्रांतीयाने कोणाजवळ रडावे? दिवसकार्य दूर गावी होते. खोलीत दाटीवाटी, आणि फोनवर घरच्यांना ‘सब ठीक है’ सांगायचे!

त्याला आधार देताना चार गोष्टी पाळाव्यात.

१. त्याच्या भाषेत बोलणारा माणूस शोधावा. लहान मुलाला दुभाषा करू नये. स्त्रीचे दुःख शक्यतो स्त्रीने ऐकावे.

२. नवस, भगत, ताईत यांना हसू नये. ‘तुमची श्रद्धा तुमच्याजवळ असू द्या, पण डॉक्टरांनाही दाखवू या,’ असे म्हणावे.

३. ऐकलेले मुकादमाच्या वा शेजाऱ्यांच्या कानावर घालू नये.

४. थकलेली मजुरी, हरवलेली कागदपत्रे यांतही मदत करावी. पोटाची चिंता असताना नुसता उपदेश मनाला लागत नाही.

‘जगून काय करू?’ असे कोणी म्हणाले, तर जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, रुग्णालयात न्यावे. जीव धोक्यात असेल तेव्हा गुप्ततेपेक्षा जीव मोठा. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते. तेथे मराठी, हिंदी व इतर भारतीय भाषांत बोलता येते.

विचारासाठी प्रश्न :
• आपल्या आळीत राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?
• आपला मुलगा परक्या शहरात एकटा असता, तर त्याच्याशी कोणी कसे बोलावे असे आपल्याला वाटले असते?