दम लागलाय, कारण कळत नाही? आधी उठून बसा

रात्रीचे अडीच वाजलेत. घरात ना धूळ ना धूर, झोपताना तुम्ही ठणठणीत होतात, आणि आता छाती आवळून आलीय. दमा असला की अशा वेळी मन लगेच कारणामागे धावतं: काय खाल्लं, कुठे गेलो, गार काही प्यायलो का? ते आत्ता नको. कारण आपण सकाळी शोधू. आत्ता मी सांगते त्या क्रमानं एकेक गोष्ट करत चला.

हाताशी हवं: लगेच आराम देणारा पंप (बहुतेकांकडे सालब्युटामॉलचा असतो), स्पेसर, घड्याळ, मोबाइल. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळी पद्धत लिहून दिली असेल, उदाहरणार्थ रोजचा आणि तातडीचा मिळून फॉर्मोटेरॉलचा एकच पंप, तर किती वेळा दाबायचा तो आकडा त्यांचाच धरा.

आत्ता, लगेच

1. उठून बसा. खुर्चीत ताठ, किंचित पुढे झुकून, कोपरं टेबलावर. आडवं व्हायचं नाही. "जरा पडून राहा, बरं वाटेल" असं घरचे मायेनं म्हणतील, तरीही नाही.

2. कुणाला तरी हाक मारा. घरी एकटे असाल तर शेजारी फोन लावा आणि दाराची कडी काढून ठेवा. झोपमोड नको म्हणून गप्प बसलात तर पुढे बोलायलाही दम उरणार नाही.

3. एक पूर्ण वाक्य मोठ्यानं बोला. "मी नाशिकच्या सीबीएसवरून रिक्षा करून गंगापूर रोडला चाललोय." एका दमात झालं? छान, पुढे चला. दोन-तीन शब्दांवर अडलात, ओठ किंवा नखं निळसर दिसली, गुंगी आली, छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे निघाली, तर आधी 108 लावा आणि मग पंप घ्या. काही खाल्ल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर ओठ-जीभ सुजली असेल तरीही तसंच.

4. पंपाची टोपी काढा आणि तोंडात डोकावून बघा. हसू नका. माझ्या आत्याच्या पर्समध्ये टोपी निघालेला पंप पडून होता आणि त्याच्या तोंडात सुपारीचं खांड अडकलेलं होतं. तसाच दाबला असता तर ते थेट घशात गेलं असतं.

5. पंप जोरात हलवा, चार-पाच वेळा. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोनदा हवेत मारा, नाहीतर पहिला फवारा अर्धाच निघतो.

6. पंप स्पेसरला बसवा. स्पेसर नसेल तर त्यासाठी घरभर शोधाशोध करू नका. पंप थेट तोंडात धरा, हळू श्वास ओढत दाबा आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा.

7. जमेल तेवढा श्वास सावकाश बाहेर सोडा. पंपात किंवा स्पेसरमध्ये फुंकू नका.

8. स्पेसर ओठांत घट्ट धरून पंप एकदाच दाबा. दोनदा दाबून एका श्वासात उरकायचा मोह होतो. तसं केलं तर औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटतं, छातीत पोचत नाही.

9. स्पेसर तोंडातून न काढता चार श्वास घ्या. सावकाश आत, सावकाश बाहेर. ओठांच्या कडेनं हवा निसटत असेल तर औषधही निसटतंय.

10. हलवा, दाबा, चार श्वास: हे आणखी तीनदा करा. एकूण चार फवारे झाले. हात थरथरतील, छाती धडधडेल. ते औषधामुळे होतं आणि थोड्या वेळात निवतं, घाबरू नका.

11. घड्याळ लावून 4 मिनिटं थांबा. ही चार मिनिटं फार लांब वाटतात, म्हणून तोंडाला काम द्या: नाकानं श्वास घ्या आणि बशीतला चहा फुंकून गार करतो तसा ओठ चंबू करून हळू सोडा. या वेळात बाम, निलगिरीचं तेल, वाफ, उदबत्ती, ओव्याची धुरी यातलं काहीही जवळ येऊ देऊ नका. उग्र वासानं आणि गरम वाफेनं आवळलेली छाती आणखी आवळू शकते. झोपेची गोळीही नाही, कुणीही दिली तरी.

12. तेच वाक्य पुन्हा बोला. आता सहज झालं, तर तासभर बसूनच राहा आणि मग झोपा. नाही झालं, तर पुन्हा चार फवारे, पुन्हा 4 मिनिटं.

13. तरीही दम कमी नाही? 108 लावा. पत्त्याआधी ठळक खूण सांगा: आकाशवाणी टॉवरजवळ, अमुक शाळेसमोर. स्कूटर काढून स्वतः निघू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत दर 4 मिनिटांनी चार फवारे चालू ठेवा. आणि एक लक्षात ठेवा: छातीतली शिट्टी थांबली पण दम तसाच आहे, तर ती सुधारणा नाही. हवाच आत-बाहेर होत नाहीये. तेव्हा एक मिनिटही दवडू नका.

ऑक्सिमीटर घरी असेल तर लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. गारठलेलं बोट, नेलपॉलिश, गडद मेंदी यांनी आकडा चुकतो. 94च्या खाली आला तर दवाखाना गाठा. 97 दिसतोय पण बोलवत नाहीये, तरीही दवाखानाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आता कारण शोधू. आणि इथे घाई अजिबात नको.

14. डॉक्टरांची वेळ घ्या, त्याच दिवसाची किंवा फार तर दुसऱ्या दिवसाची. "आता बरं वाटतंय" म्हणून टाळू नका. झटका एकदा ओसरला तरी काही तासांनी, कधी दुसऱ्या रात्री, परत येऊ शकतो.

15. रोजचा पंप नेहमीच्या वेळेला घ्या आणि चूळ भरा. बरं वाटलं की हाच पंप सगळ्यात आधी सुटतो, आणि "विनाकारण" लागलेल्या दमामागे पुष्कळदा तेच निघतं. शेवटचा कधी घेतला होता, अगदी खरं आठवा.

16. कालचा दिवस कागदावर लिहून काढा. दम किती वाजता लागला, किती फवारे लागले, किती मिनिटांनी उतरला. मग त्याआधीचे बारा तास. नाशिककरांनी स्वतःला हे नक्की विचारावं: दिंडोरी-पिंपळगावकडे गेलो होतो का, आणि रस्त्यालगतच्या द्राक्षबागेत ब्लोअरनं फवारणी किंवा गंधकाची धुरळणी चालली होती का? चाळीत कांदा भरताना किंवा निवडताना उभा होतो का? रस्त्याच्या खोदकामाशेजारून दुचाकीवर गेलो का? पहाटे गोदाकाठी फिरायला गेलो तेव्हा गारठा किती होता? निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकची पहाटही छातीला बोचते, तेव्हा नाका-तोंडावर मफलर हवाच. घरातली कॉइल, फोडणीचा खाट, पावसाळ्यानंतर कपाटामागे धरलेली बुरशी, मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत, हेही लिहा. एका दिवसाच्या नोंदीतून निकाल काढू नका. तीन-चार वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या की सारखी गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते.

17. घरातली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवायला एका पिशवीत भरा. अंगदुखीची गोळी, ब्लडप्रेशरची, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. काही वेदनाशामकांनी काहींचा दमा भडकतो, बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी होतो, आणि काचबिंदूच्या काही थेंबांनीही होतो. थेंबांचं सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मात्र ब्लडप्रेशरची गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

18. पंपानं फरक पडला होता का, हे एका ओळीत लिहा. या कागदावरची ही सगळ्यात मोलाची ओळ. पंपानं अजिबात फरक पडत नसेल तर तो दम कदाचित दम्याचा नसेलच. हिमोग्लोबिन कमी, हृदयाचा त्रास, घशाशी येणारं आम्लपित्त, मनावरचा ताण, यांतलं काहीही असू शकतं, आणि ते तपासणीतच कळतं. ठरवायचं काम घरात कुणीही करू नये. एकच पाय सुजून दुखतोय आणि अचानक दम लागला, तर वेळ घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

19. पीक फ्लो मीटर असेल तर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंका. उभं राहून तीनदा, सर्वांत मोठा आकडा लिहा. तुमचा चांगल्या दिवसांतला आकडा 400 असेल तर 320च्या खाली सावध, 200च्या खाली लगेच दवाखाना.

20. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्यानं आतून पुसू नका, घासल्यानं औषध आत चिकटायला लागतं.

21. पंपातले फवारे मोजा. 200 फवाऱ्यांचा असेल आणि आकडा दाखवणारी खिडकी नसेल, तर सुरू केल्याची तारीख मार्करनं डबीवर घाला. पाण्यात टाकून तरंगतो का ते बघू नका, त्यावरून काही कळत नाही.

22. डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. नुसतं "घेतो नीट" म्हणू नका. वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्यांचीही दाबायची आणि श्वास ओढायची वेळ जुळत नाही, आणि ती चूक समोर बसलेल्याला पहिल्याच फवाऱ्यात दिसते. पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर तेही तिथेच सांगा.

23. घरी आलात की पंप, स्पेसर आणि तो कागद उशाशी एकाच डब्यात ठेवा, आणि डबा कुठे आहे ते घरातल्या लहानग्यालाही दाखवून ठेवा. टोपी लावलीय ना, तेवढं बघा.