चाकांवरचे घर : कारागिराची खरी कसोटी

बंद व्हॅनमध्ये बिछाना, चूल आणि कपाट बसवून फिरते घर करण्याचा धंदा युरोपात जुना आहे. जर्मनीच्या वेस्टफालिया कारखान्याने 1951 मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीसाठी असा संच काढला. 1985 मध्ये चारही चाके ओढणारी ‘सिंक्रो’ आली आणि हे घर खडकाळ मुलखातही जाऊ लागले.

कारागिराची परीक्षा होते ती आइसलँडसारख्या देशात. तिथल्या डोंगराळ भागातील ‘एफ’ रस्ते फक्त उन्हाळ्यात खुले असतात. त्यांवर कच्ची खडी असते, अनेक ठिकाणी नदीला पूल नसतो आणि चारचाकी ओढीच्या गाडीलाच परवानगी असते. तिथे गाडी बिघडली तर मदत फार लांब. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1) वजन. समजा, गाडीची एकूण मर्यादा 3500 किलो आणि रिकामी गाडी 2500 किलो. हाती राहिले 1000. लाकूडकाम व इतर जोडकाम 500, पाणी 100 लिटर म्हणजे 100 किलो, चार माणसे 300. उरले फक्त 100 किलो! त्यातच कपडे, भांडी, जादा चाक. म्हणून हलके प्लायवूड वापरावे. जड वस्तू खाली, चाकांच्या मध्ये ठेवाव्यात. टपावर ओझे चढवले की उतारावर गाडी कलंडते.

2) ओल. रात्री श्वासाची वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. गादीखाली फळी सलग नको, पट्ट्यांमध्ये फट ठेवावी. कापसाची गादी ओल धरते, बुरशी येते. दाट विणीचे पॉलिएस्टरचे खोळ चेन लावून शिवावे, म्हणजे काढून धुता येते. गॅस पेटवताना हवेची वाट उघडी हवीच. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

3) वीज. 12 व्होल्ट, 100 अँपियर-तासांच्या बॅटरीत 1200 वॅट-तास असतात. शिशाच्या बॅटरीतून निम्मेच काढावेत, म्हणजे 600. 45 वॅटचा फ्रिज दिवसातून 12 तास चालला तर 540 गेले. लिथियम बॅटरी हलकी असते, पण शून्य अंशाखाली चार्ज केल्यास खराब होते. फ्यूज बॅटरीजवळच लावावा.

4) जोडणी. खडीवरच्या थरथरीने नुसते स्क्रू सैल होतात. सरस आणि बोल्ट दोन्ही वापरावेत, कपाट पत्र्याला नव्हे तर सांगाड्याला पकडावे. तार पत्र्यातून जाते तिथे रबर घालावे. पहिल्या लांब फेरीनंतर प्रत्येक सांधा पुन्हा आवळावा.

आपल्याकडे हे काम घेणाऱ्या सुतार, शिंपी व वायरमन बंधूंनी एक लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. आधी आरटीओची मंजुरी, मग करवत.

दुकानात दिसते ती पॉलिश. निर्जन घाटात कामी येतो तो आतला सांधा. गिऱ्हाईक आपल्या हुन्नरावर भरवसा ठेवून बायकामुलांसह त्यात झोपते, हे विसरू नये.