अंड्यांसाठी बदकं घेताय? आधी आवाज ऐका



सातारा-सांगलीतल्या ज्या सभासदांना शेततळ्याजवळ अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल बदकं पाळायची आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती. दोन-अडीच महिन्यांचे नर आणि माद्या, दोन्ही तपकिरीच दिसतात. ‘सगळ्या माद्याच आहेत’ म्हणून घेतलेल्यांत निम्मे नर निघाले, तर खाद्य सगळ्यांना आणि अंडी निम्मीच!

ओळख अशी करा :

१) आवाज : एकेक पक्षी अंगाला धरून अलगद उचला. पायाला धरू नका, पाय दुखावतात. मोठ्यानं ‘क्वॅक-क्वॅक’ ओरडली तर मादी. घसा बसल्यासारखा दबका आवाज आला तर नर. दीड-दोन महिन्यांच्या आतली पिल्लं मात्र सगळीच चिवचिवतात, ती आवाजावरून निवडू नका.

२) शेपूट : वाढलेल्या नराच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसं असतात. पिसं झडल्यावर तीही जातात आणि नर मादीसारखा दिसतो. आवाज मात्र तोच राहतो.

३) डोकं : मोठ्या नराचं डोकं-मान गडद, चकाकती. मादीची साधी खाकी.

तोंडावर लाल गाठी असलेल्या मस्कोव्ही बदकांना हे नियम लावू नका. त्यांची मादीही हळूच बोलते, नर फुसफुसतो. तिथं आकार बघा, नर खूपच मोठा असतो.

खायच्या अंड्यांसाठी नराची गरज नाही. पिल्लं काढायची असतील तर ५-६ माद्यांमागे १ नर पुरे.

पैसे देण्याआधी प्रत्येक पक्षी तपासून घ्या.