आजोबांचा फोटो, एकच फ्लॅश: सॉफ्टबॉक्स निवडायचा कसा, लावायचा कुठे

पंच्याहत्तरीचा फोटो काढायला आजोबा स्टुडिओत यायला तयार नाहीत? हरकत नाही, हॉलमध्येच काढू. उजेड कुठून आणि किती जवळून पाडायचा एवढं जमलं की अर्धं काम झालं. माझ्याबरोबर एकेक पायरी करा. मधली एकही गाळू नका, नाहीतर पुन्हा मागे यावं लागेल.

साहित्य: मॅन्युअलवर चालणारा फ्लॅश, ट्रिगर, लाइट स्टँड, फ्लॅशचं ब्रॅकेट, ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री, २ बाय ३ फुटांचा पांढरा सनबोर्ड, वाळू किंवा तांदूळ भरलेली ५ किलोची पिशवी, चिकटपट्टी आणि मोबाइलचा टॉर्च.

१. भिंती बघून सॉफ्टबॉक्स की छत्री ते ठरवा. हॉल लहान आणि भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर सॉफ्टबॉक्सच घ्या. पांढऱ्या छत्रीतून उजेड चहूकडे उधळतो, भिंतीवर आपटतो आणि तिचा रंग घेऊन गालावर येतो. तो नंतर कॉम्प्युटरवर काढताना नाकी नऊ येतात. भिंती आणि छत पांढरं असेल, किंवा शेजारी आजीलाही बसवायचं असेल, तर छत्री बिनधास्त उघडा. ब्यूटी डिश कुणी देऊ केली तर आज नको म्हणा, ती सुरकुत्या कोरून दाखवते. फ्लॅशवर चढवायची ती प्लॅस्टिकची छोटी टोपीही आज कपाटातच राहू द्या. (इथून पुढे मी सॉफ्टबॉक्स म्हणेन, छत्रीवाल्यांनी छत्री समजावं.)

२. खुर्ची भिंतीपासून ५-६ फूट पुढे ओढा. भिंतीला टेकवून ठेवलीत तर आजोबांची सावली त्यांच्या मागेच उभी राहील.

३. पंखा बंद करा. छत्री असेल तर वाऱ्याने हळूहळू फिरत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

४. सॉफ्टबॉक्स उघडून आतलं आणि बाहेरचं, दोन्ही पांढरी कापडं लावा. आतलं विसरलात तर मधोमध उजेडाचा झगझगीत ठिपका पडतो.

५. फ्लॅश ब्रॅकेटमध्ये बसवून त्याचा झूम २४ वर आणा. १०५ वर राहिला तर उजेड कापडाच्या मध्यावरच पडेल आणि मोठा सॉफ्टबॉक्स आणल्याचा काही फायदा नाही.

६. स्टँडचा एक पाय सॉफ्टबॉक्स ज्या बाजूला झुकतो त्याच दिशेला करा. दोन पायांच्या मधल्या बाजूला भार गेला की स्टँड कलंडतोच.

७. पिशवी स्टँडच्या पायावर ठेवा. घरात नातवंडं असतील तर ही पायरी दोनदा तपासा.

८. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या: शटर १/१६०, अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ १००. शटर उगाच वाढवू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे फोटोत काळा पट्टा येतो.

९. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. खुर्ची दिसत असेल तर ट्यूबलाइट बंद करा, पडदा ओढा. नाहीतर दोन रंगांचे उजेड चेहऱ्यावर भांडतील.

१०. आजोबांना बसवा आणि खांदे किंचित एका बाजूला वळवायला सांगा. त्यांना कष्ट होणार असतील तर खुर्चीच वळवा.

११. ते ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूला स्टँड ठेवा, कॅमेऱ्याच्या रेघेपासून साधारण ४५ अंशांवर. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी ठेवलात तर चेहरा सपाट दिसतो, नाकाला उठावच राहत नाही.

१२. सॉफ्टबॉक्स जवळ आणा. अजून जवळ. कापडापासून गालापर्यंत ३ फूट, म्हणजे सॉफ्टबॉक्सच्या रुंदीएवढंच अंतर. बहुतेकांना एवढ्या जवळ आणायची भीती वाटते, म्हणून तो ७-८ फुटांवर उभा राहतो आणि मग एवढा मोठा सॉफ्टबॉक्स असूनही सावल्या कडक का, असं ते विचारतात. चेहऱ्याला तो जेवढा मोठा दिसेल तेवढा उजेड मऊ. कॅमेऱ्यातून बघा, त्याची कड फोटोत येत असेल तर फक्त वीतभर मागे सरकवा.

१३. उंची वाढवा, खालची कड आजोबांच्या नाक-हनुवटीच्या पातळीवर येईपर्यंत. मग सॉफ्टबॉक्स थोडा खाली झुकवा.

१४. मोबाइलचा टॉर्च सॉफ्टबॉक्सच्या मध्याशी धरून नाकाची सावली बघा. ती तिरकी, गालाकडे खाली उतरली पाहिजे. ओठाला टेकली तर सॉफ्टबॉक्स फार वर आहे, सरळ आडवी गेली तर फार खाली. टॉर्चची सावली कडक दिसेल, घाबरू नका, आत्ता फक्त दिशा बघायची आहे.

१५. आता सॉफ्टबॉक्स जागेवरच थोडा कॅमेऱ्याच्या बाजूला वळवा, इतका की त्याचा मध्य आजोबांच्या नाकापुढून जावा आणि चेहऱ्यावर कडेचा उजेड पडावा. कपाळावरची चकाकी इथेच उतरते. फार वळवलात तर चेहरा अंधारात जाईल.

१६. फ्लॅश १/८ पॉवरवर ठेवून फोटो काढा आणि मोठा करून आजोबांच्या डोक्यावरची पांढरी टोपी बघा. टोपीची घडी दिसत नसेल तर फोटो जळाला, १/१६ वर या. चेहरा काळवंडला तर १/४. यापुढे स्टँड पुढे-मागे केलात तर ही पायरी पुन्हा करावी लागेल.

१७. चष्म्यात पांढरा चौकोन दिसतोय? स्टँड ६ इंच वर घ्या. गेला नाही, तर आजोबांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगा. तरीही नाही, तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला, काचा खाली झुकतील. फोटोत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चष्माच काढून ठेवा असं मात्र सांगू नका. मग फोटोतले आजोबा घरच्यांना परके वाटतात.

१८. डोळ्यांत बघा. दोन्ही बुबुळांत, वरच्या अंगाला, चमक हवी. एकाच डोळ्यात असेल तर चेहरा थोडा उजेडाकडे वळवा.

१९. सनबोर्ड अंधाऱ्या गालाच्या बाजूला, दोन फुटांवर, खांद्याच्या उंचीला उभा धरा. हनुवटीखाली आडवा धरू नका, भुताच्या सिनेमातला उजेड येतो. सावली पुसायची नाहीये, नुसती उजळायची आहे. मला तर तो गाल थोडा अंधाराच आवडतो, चेहऱ्याला वजन येतं.

२०. स्टँडच्या तिन्ही पायांपाशी आणि खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टी लावा. आजोबा पाणी प्यायला उठणारच.

२१. आता फोटो काढा, भरपूर. गप्पा चालू ठेवा. पहिले काही फोटो ताठच येतात.

२२. आजोबांचे झाले की आजीला त्याच खुर्चीत बसवा. ती जेवढी बुटकी, तेवढाच स्टँड खाली घ्या. बाकी कशालाही हात लावू नका.